हत्तीच्या पुस्तकाचं शेवटचं पान

बाइंडरबाईंनी आयुष्यात हजारभर कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि त्यांतली एकही पूर्ण वाचली नव्हती.

हे कुणाला माहीत नव्हतं बरं का. वाचनालयात येणाऱ्या कुणालाही विचारा, तो छाती ठोकून सांगेल की इथली सगळी कपाटं कुणी कोळून प्यायली असतील तर ती मागच्या खोलीतल्या बाइंडरबाईंनी. खुद्द ग्रंथपालसाहेबही तसंच सांगायचे. बाईंनी त्यावर कधी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. ती समजूत तीस वर्षं टिकली.

व्हायचं असं, की दर सोमवारी फाटक्या पुस्तकांची ढकलगाडी मागच्या खोलीत यायची. लांब टेबल, लोखंडी शिकंजा, दाभण, मेण लावलेला दोरा आणि चिकटवायच्या खळीचं भांडं, एवढा बाईंचा संसार. आता पुस्तक काही सगळं फाटत नाही. ते सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवलेलं असतं, त्यातला एखादा फर्मा सुटतो. बाई तेवढाच हातात घेत, पानं जुळवत, आणि जुळवता जुळवता वाचत. डोळे काय खुंटीला टांगून ठेवायचे? मग सत्त्याण्णव ते एकशेबारा वाचून झालं की शिवायचं, शिकंज्यात आवळायचं, की पुढचं पुस्तक. सत्त्याण्णवच्या आधी काय झालं आणि एकशेबाराच्या पुढे काय होणार, ते बाई स्वतःच ठरवून टाकायच्या.

हा नियम त्यांच्या वडिलांचा. तेही बाइंडर होते. लेकीच्या हातात दाभण देताना त्यांनी सांगितलं होतं, "पान बघायचं, पुस्तक वाचायचं नाही. वाचायला बसलीस की खळ वाळली म्हणून समज." बाईंच्या भांड्यातली खळ कधी वाळली नाही.

पण म्हणून त्या कोरडेपणाने वाचत असतील असं समजू नका. बाई वाचता वाचता भांडत. एका कादंबरीत बायको तापाने फणफणलेली आणि नवरा आपला खिडकीत उभा राहून नदीकडे बघतोय, सलग तीन पानं! "मेल्या, नदी कुठे पळून जात नाही, पाणी गरम कर आधी," असं बाई एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेर पेपर वाचणारे दोघं दचकले. तो फर्मा शिवताना त्यांनी दोऱ्याला एक वेढा जास्तच दिला. दुसऱ्या एका कादंबरीत म्हातारी आपल्या मैत्रिणीला चाळीस वर्षांनी भेटते, तेवढीच चार पानं सुटून आली होती, तर बाईंनी ती चिकटवताना डोळे पुसले आणि खळीचा हात गालाला लागून गाल दिवसभर ताणत राहिला.

कादंबरी कुठे फाटली यावरून त्या तिची पारख करत. पहिला फर्मा निघाला असेल तर लोकांनी नुसती उघडली आणि ठेवून दिली. मधला निघाला असेल तर तिथे काहीतरी भानगड आहे, चार जणांनी पुन्हा पुन्हा उघडून बघितलीय. चित्रांच्या पुस्तकांना मात्र हा हिशेब लागू नाही. ती सगळीकडून फाटतात, चावली जातात, चाटली जातात. पानावरचं कागदी दार उघडलं की आत वाघ, असं एक पुस्तक होतं. त्याच्या तीन प्रती, आणि तिन्हींमधला वाघ कुणीतरी उपटून नेलेला. बाईंनी दारं नवी बसवली, पण वाघ कुठून आणणार? "वाघ बाहेर गेलाय, येईल," असं त्या मुलांना सांगायच्या. मुलंही दर आठवड्याला येऊन विचारून जायची.

मोठी माणसंही यायची, मागच्या दाराने. त्यात रिटायर झालेले पोस्टमनकाका पहिले. "बाई, हसायला येईल असं काहीतरी द्या. घरात एकटाच असतो." बाईंनी क्षणाचाही विचार न करता एक जाड कादंबरी काढून दिली. त्यातला एकशेतेरा ते एकशेअठ्ठावीसचा फर्मा त्यांनी गेल्याच महिन्यात शिवला होता. लग्नाची गडबड, नवरदेवाचे बूट हरवलेत, सासरा एका पायात चप्पल घालून भाषण करतोय. बाई हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात आल्या होत्या.

पोस्टमनकाका आठवड्याने आले ते डोळे सुजवून. "बाई, काय पुस्तक दिलंत हो! तीन दिवस घास उतरला नाही."

एकशेअठ्ठावीसच्या पुढे काय झालं असेल, देव जाणे. पण काका हात जोडून म्हणाले, "तुम्ही हसायचं म्हणालात, त्यातला अर्थ मला शेवटी कळला. रडून झाल्यावर माणसाला खरं हसू येतं. तुमचं वाचन म्हणजे वाचन!"

बाई गप्प बसल्या. म्हटलं ना, गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं, पण भिंगरी मध्ये आली.

भिंगरी म्हणजे बाईंची नात. आठ वर्षांची, एका जागी पाच मिनिटं टिकली तर ताप आला असं समजावं. आई नर्स, बाबा बस चालवणारे, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी थेट आजीच्या खोलीत, कागदांच्या थप्पीवर. दुरुस्त होऊन वाळत ठेवलेली चित्रांची पुस्तकं ती एकामागून एक फस्त करायची. तिच्या दृष्टीने जगात दोनच माणसांना सगळं माहीत होतं. एक तिची आजी. दुसरं माणूस तिला अजून भेटलेलं नव्हतं.

तिचं सगळ्यांत लाडकं होतं ते हत्तीचं पुस्तक. एक हत्ती बसायला खुर्ची शोधत गावभर हिंडतो. न्हाव्याच्या खुर्चीवर बसतो, कडाड! मास्तरांच्या खुर्चीवर बसतो, कडाड! न्यायाधीशांची खुर्ची, राजाची खुर्ची, सगळ्यांचा भुगा. वाचनालयाची प्रत बाईंकडे आली तेव्हा हत्तीपेक्षा पुस्तकाचीच दशा वाईट होती. सगळ्या पानांचे खालचे कोपरे मुलांनी बोटं लावून लावून खाऊन टाकलेले, आणि शेवटचं पान गायब. बाईंनी कोपऱ्यांना पांढऱ्या कागदाचे तुकडे लावले, आणि शेवटी एक कोरं पान शिवून टाकलं. पद्धतच आहे ती. हरवलेलं पान कधी सापडलंच तर त्यावर डकवता येतं.

"आजी, शेवटी काय होतं गं?" कोऱ्या पानाशी येऊन भिंगरीने विचारलं.

"मला माहीत नाही" हे तीन शब्द बाईंच्या तोंडाला सवयीचे नव्हते. "अगं, ते पान हरवायच्या आधी वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "शेवटी हत्ती दमून जमिनीवर बसतो. मग न्हावी म्हणतो, बघू तरी कसं वाटतं ते, आणि तोही जमिनीवर बसतो. मग मास्तर, मग न्यायाधीश, मग राजा. सगळं गाव जमिनीवर बसतं आणि म्हणतं, अरेच्चा, हे तर बेस आहे, उगाच खुर्च्या केल्या!"

भिंगरी खूश. बाई त्याहून खूश. हा शेवट त्यांना इतका आवडला की हळूहळू तो खराच आहे असं त्यांनाही वाटायला लागलं.

वाचनालयात रविवारी सकाळी मुलांचा तास असायचा. एकेका मुलाने उभं राहून आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायचं, आईबाप मागे बाकांवर. त्या रविवारी भिंगरी उभी राहिली. तिने हत्ती चालून दाखवला, खुर्च्या मोडून दाखवल्या, आणि शेवटी राजासकट सगळं गाव जमिनीवर बसवलं. टाळ्या पडल्या. बाई मागच्या खोलीच्या दारात एप्रनला हात पुसत उभ्या होत्या, त्यांची छाती फुगून एप्रनची गाठ सुटायची वेळ आली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बारीकशी मुलगी उठली. जाड भिंगांचा चष्मा, छातीशी धरलेलं एक पुस्तक. दातांच्या डॉक्टरांची ही मुलगी. मुलं तिला चष्मिसच म्हणायची. ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "असं नाहीये. शेवटी उंदीर बसतो."

"कसला उंदीर?" भिंगरीने कमरेवर हात ठेवले. "त्या गोष्टीत उंदीरच नाही!"

"आहे. माझ्याकडे पुस्तक आहे." तिने शेवटचं पान उघडून दाखवलं. खरंच, हत्ती होता आणि उंदीरही होता. ग्रंथपालसाहेबांनी वाचनालयाची प्रत पानापानाने उलटून बघितली. उंदराचं शेपूटसुद्धा नाही.

"माझ्या आजीने वाचलंय ते पान!" भिंगरीचा आवाज चिरकला. "माझ्या आजीने सगळी पुस्तकं वाचलीत! हो ना गं आजी?"

आणि झाडून सगळी खोली बाईंकडे वळली.

भिंगरीच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, ती फक्त 'हो'ची वाट बघत होती. त्या चेहऱ्याकडे बघून कुणीही काय केलं असतं ते बाईंनी केलं, फक्त बाइंडरच्या पद्धतीने केलं. त्या पुढे आल्या, चष्मिसचं पुस्तक हातात घेतलं, कणा चाचपला, शिवण नखाने टोकरली, आणि निकाल दिला. "चुकीचं शिवलं गेलंय हे. कारखान्यात होतं असं. दुसऱ्याच पुस्तकाचं पान शेवटी लागलंय."

"पण..." चष्मिस म्हणाली.

"बाई सांगतायत म्हणजे तसंच असणार, बाळ," पोस्टमनकाका मागून प्रेमाने म्हणाले.

कुणीतरी खुसखुसलं. एक पोरगा ओरडला, "चुकीची शिवलेली चष्मिस!" आणि मुलांमध्ये हशा पिकला. चष्मिसने पुस्तक मिटलं, पुन्हा छातीशी धरलं आणि खाली बसली. भिंगरीने विजयी वीरासारखी एक गिरकी घेतली.

बाई मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दाभण उचललं. दिवसभरात त्यांच्या हातून तीनदा टाका चुकला.

सोमवारी दुपारी दार वाजलं. चष्मिस उभी होती, पुस्तक घेऊन.

"आजी, माझं पुस्तक दुरुस्त करून द्या."

"काय झालंय त्याला?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

"चुकीचं पान आहे ना, ते काढून टाका. आणि..." तिने पुस्तक आणखी घट्ट धरलं. "आणि उंदीर पण काढा. मी घरी जाऊन बघितलं, तो सगळ्या पानांवर आहे. तो पण दुसऱ्या पुस्तकातून आला असेल."

बाईंनी हातातलं दाभण खाली ठेवलं. भिंगरी मात्र उत्साहाने थप्पीवरून उडी मारून आली. "मी सुरी देते! आजी एका मिनिटात काढेल, कळणारसुद्धा नाही. तू घरी जा, उद्या ये."

"मी थांबते," चष्मिस म्हणाली. "मला त्याला जाताना बघायचंय."

आता आली का पंचाईत! एका हातात सुरी, समोर नवंकोरं, धडधाकट, एकही टाका न चुकलेलं पुस्तक. टेबलाच्या कडेला दोन हनुवट्या टेकलेल्या. कापावं, तर एका पोरीच्या लाडक्या पुस्तकाचा खून. न कापावं, तर दुसऱ्या पोरीची सगळं माहीत असलेली आजी कायमची गेली.

"कापायच्या आधी पुस्तक तपासावं लागतं," त्या म्हणाल्या. निव्वळ वेळ काढायला म्हणाल्या. "पहिल्या पानापासून."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, मोठ्याने. हत्ती निघाला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा, एक उंदीर निघाला. बाईंनी चष्मा वर करून बघितलं. न्हाव्याची खुर्ची मोडली. लोक हत्तीकडे बघून ओरडतायत, आणि कोपऱ्यात उंदीर एका पायावर उभा, दुसरा पाय दुखतोय म्हणून चोळतोय. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. मास्तरांची खुर्ची मोडली, उंदीर घाम पुसतोय. बाईंना आपण लावलेले पांढरे तुकडे आठवले. सगळ्या पानांचे कोपरे, तेच, तिथेच. मुलांनी ते कोपरे उगाच नव्हते खाल्ले. पन्नास पोरांनी तो उंदीर बोट लावून लावून झिजवला होता, आणि उरलासुरला होता तो बाईंनी स्वतःच्या हाताने कागदाखाली गाडला होता.

राजाची खुर्ची मोडली. उंदीर आता जवळजवळ रांगत होता. बाईंचा आवाज हळू झाला. पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि गंमत म्हणजे, ते ठरवून टाकावं असंही त्यांना वाटेना. त्यांना नुसतं पान उलटायचं होतं.

त्यांनी उलटलं.

हत्ती दमून उभा होता. त्याने पहिल्यांदाच खाली बघितलं. उंदीर म्हणाला, "मी पण पहिल्यापासून बसायला जागा शोधतोय रे." तेव्हा हत्ती म्हणाला, "मग आधी नाही का सांगायचं? बस की माझ्यावर!" आणि हत्तीच्या पाठीवर, त्या भल्यामोठ्या राखाडी पाठीवर, पायावर पाय टाकून, राजासारखा उंदीर बसला होता. खाली लिहिलं होतं: गावातली सगळ्यांत मोठी खुर्ची सापडली.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या. "अगं बाई गं! पहिल्या पानापासून होता की मेला!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या, बसून हसल्या, सुरी बाजूला ठेवून डोळे पुसून पुन्हा हसल्या. "हे आपल्याला सुचलं नसतं! शंभर वर्षं सुचलं नसतं!" असं त्या म्हणत होत्या, आणि हरल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग त्यांचं लक्ष समोर गेलं. चष्मिसही हसत होती. भिंगरी हसत नव्हती.

"आजी," भिंगरी म्हणाली, "तू हे पान वाचलं होतंस ना?"

गप्प बसायची सोय होती. बाईंनी ती घेतली नाही. "नाही गं राणी. आज पहिल्यांदा वाचलं. तुला सांगितलं ते माझ्या मनचं होतं. हिचं पुस्तक बरोबर शिवलंय. काल मी थाप मारली."

"आणि बाकीची पुस्तकं?"

"फाटलेलं तेवढंच वाचते मी. पूर्ण एकही नाही."

भिंगरी टेबलाखाली जाऊन बसली. पाच मिनिटं टिकून बसली, मग दहा. बाईंना खरोखर वाटलं की हिला ताप भरला.

चष्मिसने आपलं पुस्तक घेतलं आणि चष्म्याच्या काचांआडून बाईंकडे असं बघितलं की बाईंना आपणच बाकावर उभं राहावंसं वाटलं. "सगळे मला चुकीची शिवलेली म्हणतायत," ती म्हणाली. "शाळेत पण."

"रविवारी ये," बाई म्हणाल्या. "पुस्तक घेऊन ये."

तो आठवडा कसा गेला ते बाईंनाच ठाऊक. भिंगरी रोज यायची, दप्तर ठेवायची, आणि पाठ करून बसायची. एकही पुस्तक उघडायची नाही. कादंबरीतला नदी बघणारा नवरा परवडला, असं बाईंना झालं. त्याच्यावर ओरडता तरी यायचं.

रविवारी बाई एप्रन काढून आल्या, त्यामुळे अर्ध्या लोकांनी त्यांना ओळखलंच नाही. त्या मुलांच्या जागी, पुढे, उभ्या राहिल्या. सगळं सांगून टाकलं. फर्म्यांचं सांगितलं, थापेचं सांगितलं, वाघ बाहेर गेलेला नाही तर चोरीला गेलाय हेही सांगितलं. (यावर मात्र चार मुलांनी 'आम्हाला माहितीये' म्हणून सांगितलं.) "चूक या मुलीच्या पुस्तकात नाही. चूक माझी आहे. तिला कुणी पुन्हा काही म्हटलं तर माझ्याकडे मोठं दाभण आहे."

मग मागच्या बाकावरून पोस्टमनकाका उठले, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून.

"बाई, म्हणजे ती माझी कादंबरी..."

"सोळा पानं वाचली होती काका. लग्नाची. बूट हरवतात ती."

"म्हणजे त्या लग्नानंतर काय होतं ते तुम्हाला माहीतच नाही?"

"नाही."

काकांनी डोळे मिटले. आता हे चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि मग ते असे खदखदून हसले की कवळी सावरावी लागली. "तीन दिवस! तीन दिवस मी उपाशी राहून त्यात तत्त्वज्ञान शोधलं हो!" मग काय, सगळी खोलीच हसायला लागली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

हसू ओसरल्यावर चष्मिस पुढे आली आणि तिने हत्तीचं पुस्तक वाचलं. अगदी बारीक आवाजात, पण प्रत्येक पानाला थांबून, "उंदीर शोधा" म्हणत. मुलं रांगत रांगत तिच्याजवळ सरकली. शेवटचं पान उघडलं तेव्हा जो गलका झाला, त्याने रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावून गेली. आणि गेल्या रविवारी जो पोरगा सगळ्यांत जोरात ओरडला होता, त्यानेच विचारलं, "परत वाचशील?"

चष्मिसने पुस्तक मिटलं. पण ती जागेवर गेली नाही. ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"आजी, माझ्या पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान शिवून द्याल?"

"कोरं? का गं? तुझं एकही पान हरवलेलं नाही."

"तुमचा शेवट हरवलाय ना," ती म्हणाली. "सगळे जमिनीवर बसतात तो. तो पण मला आवडला होता. त्याला माझ्या पुस्तकात जागाच नाहीये."

तीस वर्षांत शेकडो कोरी पानं त्यांनी शिवली होती, ती सगळी गेलेल्या पानांच्या नावाने. धडधाकट पुस्तकात कोरं पान कुणी मागितलं नव्हतं.

"मी लिहिणार त्यावर!" आठवडाभर न ऐकलेला आवाज आला. भिंगरी बाकांवरून उड्या मारत येत होती. "मला पाठ आहे तो! आणि राजा जमिनीवर बसलेला मी काढणार!"

"आणि उंदीर?" चष्मिसने विचारलं.

भिंगरीने विचार केला. "उंदीर राजाच्या डोक्यावर."

बाईंनी वाकून नातीला कवटाळलं. भिंगरीने कवटाळू दिलं, पण कानात अट घातली. "तू एक पुस्तक पूर्ण वाचायचं. पहिल्या पानापासून. मधून नाही. आणि आम्ही बघणार."

म्हणून सोमवारपासून मागच्या खोलीत असं दृश्य होतं. टेबलाच्या एका टोकाला दोघी पोरी कोऱ्या पानावर वाकलेल्या, राजाच्या मिशांवरून भांडत होत्या. वाचनालयाच्या प्रतीचे पांढरे कोपरेही त्यांच्यासमोरच होते. प्रत्येकावर एकेक उंदीर काढायचं काम ग्रंथपालसाहेबांनी त्यांना रीतसर दिलं होतं. दाराबाहेर पोस्टमनकाका घुटमळत होते. "कितव्या पानावर आलात बाई?" ते दर अर्ध्या तासाने विचारत. "बूट हरवले का? हरवले असतील तर पुढे..."

"काका, एक शब्द पुढे काढलात तर बघा!" बाई आतून ओरडत. ती जाड कादंबरी त्यांच्या मांडीवर होती. एकशेतेरापर्यंत यायला त्यांना चार दिवस लागले, आणि तिथे आल्यावर त्यांना ते लग्न ओळखूच येईना. बूट तेच, चप्पल तीच, सासऱ्याचं भाषण तेच. पण आता तो सासरा एवढा का बडबडतोय हे बाईंना माहीत होतं, आणि नवरी बोहल्यावर एकटीच का हसत नाहीये हेही. त्या हसत होत्या आणि त्याच वेळी डोळेही पुसत होत्या.

एकशेअठ्ठावीस संपलं. बाईंनी पान उलटलं.

"आजी," भिंगरीने खळीच्या भांड्यात बोट घालून बघितलं. "अगं आजी, खळ वाळली!"

"वाळू दे," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आणि गप्प बसा जरा. इथे लग्न मोडायला आलंय."